वाळूवरचे बूट

१

चाळीस जवान समुद्रात गेले आणि एकोणचाळीस परत आले, हे वेळशेतच्या किनाऱ्यावर सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. यात माझी हुशारी काही नाही. वडापाव मी मोजून आणले होते.

मी कृष्णाजी भोईर, तालुक्याचा नायब तहसीलदार. सैन्याच्या कारभारावर लक्ष ठेवणारी खासदारांची समिती दिल्लीहून आमच्याकडे येणार म्हटल्यावर गाड्या, शहाळी, छत्र्या आणि खाणं असं सगळं लचांड माझ्या गळ्यात पडलं. सैन्याकडे होड्या किती, त्या धड आहेत का, चालवायला माणसं पुरेशी आहेत का, उद्या पूर आला तर ही माणसं पाण्यात उतरायला तयार आहेत का, हे समितीला बघायचं होतं. कोणी खासदार उपाशी राहू नये आणि शेवाळावर कोणाचा पाय घसरू नये, एवढंच मला बघायचं होतं.

वेळशेतला खाडीच्या काठी सैन्याची एक लहानशी होडी-तुकडी आहे. खाडीच्या तोंडावर पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. तो दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, आणि चुकून त्याच्यावर गेलेली होडी लाटेच्या एका फटक्यात उलटी होते. पाच रबरी होड्या, प्रत्येकीत आठ जवान, असे चाळीसजण हा दांडा ओलांडून समुद्रात जाणार आणि वळसा घालून परत येणार, असं प्रात्यक्षिक ठरलं होतं. पाच नंबरची होडी पुढे आणि बाकीच्या चार तिच्या मागोमाग, बदकाच्या पिलांसारख्या. दांडा त्यांनी इतक्या सफाईने ओलांडला की समितीच्या अध्यक्षांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तुकडीचे प्रमुख कर्नल भंडारी गढवालचे. दोनच महिन्यांपूर्वी इथे आलेले. त्यांची छाती वीतभर फुगली.

परतताना होड्या तिवरांच्या झाडीच्या टोकाआड काही वेळ दिसेनाशा झाल्या आणि मग एकेक करून वाळूला लागल्या. जवान भिजलेले, हसरे, भुकेले. मी पुढे होऊन पुडकी वाटली आणि हातात एक उरलं. सरकारी खाणं कमी पडतं, उरत कधीच नाही. मी पुडक्याकडे बघतच राहिलो.

"भोईर, एक उरलं ना?"

मागे खासदार मैत्री लोखंडे उभ्या होत्या. मतदारसंघ लांबचा असला तरी माहेर जवळच्याच तळा गावचं, त्यामुळे सकाळपासून माझ्याशी त्या घरच्यासारख्या बोलत होत्या. राजकारणात येण्याआधी त्या शाळेत शिकवायच्या. समितीत सगळ्यात कमी त्याच बोलत, आणि त्या बोलल्या की अधिकारी पाण्याचा ग्लास शोधत.

"हो ताई. कोणाचा उपास असेल."

"उपास नाही. जाताना प्रत्येक होडीत आठ होते. येताना पाच नंबरच्या होडीत सात. सहलीला पोरं नेणाऱ्या बाईला डोकी मोजल्याशिवाय चैन पडत नाही." आणि त्यांनी बोट दाखवलं. "आणि ते बघा."

ओल्या वाळूच्या वर, कोरड्या पट्ट्यात, सैन्याच्या काळ्या बुटांचा एक जोड ठेवलेला होता. आसपास कोणी नव्हतं.

मी धावत गेलो. कर्नलसाहेबांना सांगितल्यावर त्यांनीही वेळ घालवला नाही. जागच्या जागी रांग लावली आणि हजेरी घ्यायला लावली. सुभेदार भागोजी उतेकर नावं पुकारत गेले आणि रांगेतून "हाजिर साब!" असे आवाज येत गेले. मी बोटांवर मोजत होतो.

चाळीस. पूर्ण चाळीस.

"देख लीजिए मॅडम," कर्नल म्हणाले, "माझा प्रत्येक माणूस इथे आहे."

रांग खरंच पूर्ण होती. मग समुद्रातून परत न आलेला माणूस कोण होता?

२

"शोधायला होडी पाठवा," ताई म्हणाल्या.

"कोणाला शोधायला, मॅडम?" कर्नलांचा स्वर आदबीचाच होता. "माझं कोणी हरवलेलं नाही. बूट कोणीतरी विसरलं असेल."

"सगळ्यांच्या पायात बूट आहेत."

"स्टोअरमधला जादा जोड असेल."

मग मी माझ्या अधिकारात सागरी पोलिसांच्या चौकीवर फोन लावला. कोण बुडालंय, असं पलीकडच्याने विचारलं. माहीत नाही म्हटलं. हरवलेल्याचं नाव? माहीत नाही. तक्रार कोणाची? तसं पाहिलं तर कोणाचीच नाही. "साहेब, मग तुम्हाला नक्की माहीत काय आहे?" तो वैतागून म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. माणूस हरवायला आधी तो कुठेतरी असावा लागतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ताई वाळूत उकिडव्या बसल्या होत्या. खासदार बाई अशी बसलेली बघून दिल्लीचे दोन अधिकारी कासावीस झाले. मला मात्र त्या काय बघतात याची उत्सुकता लागली होती. भीती होतीच, पण उत्सुकता जास्त होती, हे मान्य करतो.

"हे बूट कोणा जवानाचे नाहीत," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"जवान बूट घालूनच होडीत चढतात. हे काठावर आहेत, कोरडे आहेत. म्हणजे होडीत चढायच्या आधी काढले. आणि कसे ठेवलेत बघा. एकाला एक लावून, देवळाच्या दाराशी ठेवावेत तसे. घाईत फेकलेले नाहीत." त्यांनी एक बूट उचलून आत हात घातला. पुढच्या टोकातून कापडाचा बोळा निघाला. दुसऱ्यातूनही तसाच. "घालणाऱ्याच्या पायाला हे मोठे होत होते. कोणत्या जवानाला सैन्य मापाचे बूट देत नाही?"

"कर्नलांना विचारू?"

"आत्ता नको. भोईर, सुभेदारांकडे बघा."

मी बघितलं. सुभेदार भागोजी उतेकर पोलादपूरकडचे, पन्नाशीला टेकलेले. असा माणूस सहसा घाबरत नाही. पण ते सावधानमध्ये उभे राहून समुद्राकडे बघत होते. कर्नल काय बोलतायत हे त्यांच्या कानांवर जात नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. प्रत्येक लाट ते डोळ्यांनी चाळून काढत होते.

"यांना माहीत आहे तो कोण ते," ताई हळूच म्हणाल्या. "आणि तो जिवंत आहे की नाही, हे त्यांनाही माहीत नाही."

३

अध्यक्षांनी चहापुरती सुटी दिली. शामियान्याच्या मागे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून ताईंनी पाच नंबरच्या होडीतल्या जवानांना एकेक करून बोलावलं. मी बाजूला शहाळ्यांचा हिशेब बघत असल्याचं सोंग करून उभा राहिलो.

पहिला आला. "आठ गेलो, आठ आलो, मॅडम." दुसरा आला. "आठ गेलो, आठ आलो, मॅडम." तिसरा, चौथा, सगळे तेच, त्याच चालीत, पाढे म्हटल्यासारखे. कोणी हिमाचलचा, कोणी तमिळनाडूचा, पण वाक्य सगळ्यांचं एकच. त्यांच्या पँटींवर गुडघ्यापर्यंत वाळलेल्या मिठाचे पांढरे ओघळ उमटले होते. बूट तर खारवलेल्या कैरीसारखे पांढुरके झाले होते.

आठवा आला तो इस्त्रीचा. सम्यक धोत्रे, वय तेवीस-चोवीस, कॉलर कडक, बूट चकचकीत. त्यानेही सॅल्यूट ठोकून तेच वाक्य म्हटलं.

"बस. गाव कुठलं?"

"तळा, मॅडम."

"तळ्यात कुठे?"

त्याने वाडी सांगितली. ताई हसल्या. "माझं घर तुमच्या विहारापासून दोन आळ्या सोडून. तुझी आजी सखू ना? मला उखाणे तिनेच शिकवले." पोराचा चेहरा एकदम सैल पडला. तेवढ्यात ताईंनी विचारलं, "समुद्राचं पाणी खूप उडालं का रे?"

"हो मॅडम, खूप."

"सगळ्यांच्या अंगावर मीठ वाळलंय. तुझ्या अंगावर कण नाही. आणि भोईरांचा वडापाव उरला तो तुझा होता. वाटप झालं तेव्हा तू किनाऱ्यावर नव्हतास, हजेरीला मात्र रांगेत होतास. तळ्याचा आहेस तर खोटं बोलताना माझ्याकडे बघून बोल."

तो बघू शकला नाही. खाली मान घालून तो एवढंच म्हणाला, "ताई, मला विचारू नका. सुभेदार साहेबांची रिटायरमेंट तोंडावर आलीय. ते वाईट माणूस नाहीत."

"होडीत तुझ्या जागी कोण बसलं होतं?"

त्याने उत्तराऐवजी उठून सॅल्यूट ठोकला. ताईंनी त्याला जायला सांगितलं.

"म्हणजे कोडं अर्धं सुटलं," मी म्हणालो. मलाच आता राहवत नव्हतं. "हजेरीतले चाळीस खरे. पण होडीतल्या चाळिसांत एक परका, आणि हा पोरगा मागे लपवलेला. आकडा जुळावा म्हणून."

"आकडा जुळायचा तर सम्यक होताच की. त्याला बाहेर काढून दुसरा बसवला, भोईर. म्हणजे त्या दुसऱ्याला असं काहीतरी येतं, जे सम्यकला येत नाही."

इतक्यात सुभेदार उतेकर चहाचा कप घेऊन शामियान्याच्या कडेने गेले. पाच नंबरच्या होडीतले दोघे त्यांच्याशी कुजबुजून नुकतेच पुढे गेले होते. मघाचा पांढरा चेहरा कुठच्या कुठे गेला होता. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि खांद्याने घाम पुसला. समुद्राकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

"बघितलंत?" ताई उठल्या. "यांना आत्ताच कळलं की तो वाचलाय. आता आपणही शोधू या. कोळीवाडा किती लांब आहे?"

४

कोळीवाडा तिवरांच्या पलीकडेच होता. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून आम्ही धक्क्यावर पोचलो. चार-पाच जण जाळं दुरुस्त करत बसले होते.

"दादा, लष्कराच्या होडीतला एक माणूस समुद्रात गेलाय," ताई म्हणाल्या. "तुमची होडी काढता का?"

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हातारा जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "कोन न्हाय गेला, बाई. दर्या आज शांत हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत हाय." आणि त्याने गाठ मारली.

मी याच किनाऱ्यावर वाढलोय. समुद्रात माणूस गेला असं कोणी ओरडलं, तर कोळी ताटावरून उठतो. जात विचारत नाही, भांडण असलं तरी विचारत नाही, पहिली होडी ढकलतो. इथे पाच धडधाकट माणसं जाळ्याच्या गाठी मारत बसून राहिली होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी ताईंकडे बघितलं. त्या आधीच पुढे चालायला लागल्या होत्या.

तिसऱ्या घरासमोर दोरीवर बोंबील वाळत होते आणि बोंबलांच्या मधोमध सैन्याचा ठिपक्याठिपक्यांचा शर्ट निथळत होता. खिशावर नावाची पट्टी शिवलेली होती. सम्यक धोत्रे.

ओट्यावर एक बाई मासळी साफ करत होती. तिने आम्हाला बघितलं, शर्टाकडे बघितलं आणि कोयता बाजूला ठेवला.

"आलाव ना शेवटी," ती म्हणाली. "मी रंगू. ज्याला शोधताव तो माझा दादला, अंबाजी तरे. जेवला नि झोपलाय."

५

अंबाजी तरे बनियन-लुंगीवर बाहेर आला. चाळिशीचा, ठेंगणा, पावलं लहान. खासदार बाई दारात आहेत हे कळल्यावर तो गडबडला. त्याची खरी काळजी मात्र वेगळीच होती.

"माझं बूट हायत ना तिकडं? सरकारी हायत, हरवलं तं सुभेदार साहेबाला भरावं लागल."

"बूट आहेत," ताई म्हणाल्या. "पण काढलेत कशाला?"

त्याला या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. "होरीत पाय ठेवताना बूट? होरी म्हंजे आमची आय. पयल्यांदा पाया पडलो, बूट काढून नीट ठेवलं, मंग चढलो. बाकीची पोरा तशीच चढली, त्यांना कोन सांगनार."

"आणि परत किनाऱ्यापर्यंत का नाही आलात?"

"दांडा पार करून होरी खाडीत आनली का माझा काम झाला. दुसऱ्याची होरी आपुन काठाला लावाची नाय, ज्याची त्यानं लावाची. माझा बा पन मोठ्या बोटींना वाट दाखवून तिवरांपाशीच उतराचा. मी पन उतरलो नि घरी आलो."

त्याच्या दृष्टीने सांगण्यासारखं यात काहीच नव्हतं. होडीतल्या पोरांना वाटलं, सुभेदारांनीच तसं ठरवलंय. सुभेदारांना वाटलं होतं, अंबाजी वाळूपर्यंत येईल आणि गर्दीत हळूच निघून जाईल. दोघांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं, कारण दोघांच्याही मते ती गोष्ट उघड होती.

"हे पहिल्यांदाच केलंत?" मी विचारलं.

उत्तर रंगूबाईने दिलं आणि ते देताना तिचा आवाज चढत गेला.

"पयल्यांदा कसलं? गेल्या पावसात वरच्या गावांत पानी शिरला, तवा रातीचा सुभेदार दारात. अंबाजी चल. सराव असला का अंबाजी चल. सायब येनार असला का अंबाजी चल. सुभेदार मानूस चांगला हाय, माझ्या हातची भाकर खातो, मी नाय म्हनत न्हाय. पन बाई, मना एक सांगा. आज ह्यो खरंच बुडला असता तं? तुमच्या कागदावर चालीसच्या चालीस हाजीर. मंग मी रडाचं कोनाच्या नावानं?"

मी दोरीवरच्या शर्टाकडे बघत उभा राहिलो. मघाशी पोलिसांशी फोनवर झालेलं बोलणं आठवून मला लाज वाटली.

"रंगूबाई," ताई म्हणाल्या, "हाच प्रश्न समितीसमोर विचाराल?"

"मी?"

"तुम्ही आणि अंबाजी. दोघंही चला."

"सुभेदाराची नोकरी जाईल," अंबाजी म्हणाला.

"जाऊ नये म्हणून मी प्रयत्न करीन. पण आज तुम्ही नाही आलात, तर पुढच्या पुरातही तुम्ही बिननावाचेच जाल."

त्याने बायकोकडे बघितलं. तिने पदराला हात पुसले आणि पायऱ्या उतरली.

६

शामियान्यात समिती बसली होती. मुरुडला जेवण थांबलंय याची अध्यक्षांना मीच दोनदा आठवण करून दिली होती, त्यामुळे ते सभा उरकायच्या बेतात होते. ताईंनी एक साक्षीदार घ्यायची परवानगी मागितली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, अंबाजीची लुंगी बघितली आणि नाइलाजाने मान हलवली. दिल्लीहून आलेली वृत्तलेखक मुलगी टाइप करायला लागली.

ताईंनी सगळं क्रमाने मांडलं. उरलेलं पुडकं, इस्त्रीचा शर्ट, देवळाच्या दाराशी असावेत तसे बूट, न उठलेले कोळी. कर्नल भंडारींचा चेहरा लाल होत गेला. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

"कर्नलसाहेब," ताई म्हणाल्या, "तुमच्या कागदांत तुकडी पूर्ण सज्ज आहे. आज तुमचे चाळीसजण अंबाजींशिवाय तो दांडा ओलांडू शकतात का?"

कर्नल सुभेदारांकडे वळले. सुभेदारांनी नकारार्थी मान हलवली.

"एकही?" कर्नलांनी विचारलं.

"एकही नाही, साहेब," सुभेदार उतेकर पुढे येऊन म्हणाले. "पोरं शूर आहेत, पण डोंगरातली. खाडी शिकवणाऱ्या माणसाची जागा तीन वर्षं रिकामी आहे. मी वर कळवत राहिलो, उत्तर येत नाही. पूर तर येतोच. म्हणून मी अंबाजीला न्यायला लागलो. दाखवायच्या दिवशी त्याला कसं लपवू, म्हणून त्याच्या अंगावर सम्यकचा शर्ट चढवला. सम्यकने माझा हुकूम पाळला, त्याला शिक्षा करू नका. जे करायचं ते माझं करा."

अध्यक्ष आता सरसावून बसले होते. तीन वर्षं रिकामी असलेली जागा म्हणजे समितीच्या हातात सापडलेलं घबाड होतं. प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. सुभेदारांबद्दल दोन खासदारांना तर कौतुक वाटायला लागलं होतं. अडचणीत मार्ग काढणारा माणूस, असं एकजण म्हणालेही. मलाही तसंच वाटत होतं. प्रकरण मिटलं, सुभेदार वाचणार, चार दिवसांनी जागा भरणार, आणि मी मनातल्या मनात जेवणाच्या गाड्या बोलावायला लागलो.

"एक प्रश्न रंगूबाईंचा आहे," ताई म्हणाल्या.

रंगूबाई उभी राहिली. इतक्या टोप्या आणि कोट बघून ती आधी अडखळली. मग तिने सगळ्यांना सोडून सुभेदारांकडे बघितलं.

"दादा, वाळूवर बूट दिसला तवा तुमाला काय वाटला?"

सुभेदार दचकले. "म्हणजे?"

"ह्यो घरी गेलाय हे तुमाला ठाव नव्हता. मंग काय वाटला?"

सुभेदार उतेकरांना खोटं बोलता आलं असतं. त्यांना ते सुचलंही असावं, कारण त्यांनी तोंड उघडून मिटलं. मग त्यांनी टोपी काढली.

"वाटलं, अंबाजी गेला," ते म्हणाले.

"मंग होरी काढली?"

"नाही."

"कोनाला सांगितला?"

"नाही, वहिनी. हजेरी पुरी होती. ओरडलो असतो तर सगळं उघडं पडलं असतं. होडीतल्या पोरांशी बोलायला मिळेपर्यंत मी... मी तसाच उभा राहिलो."

रंगूबाई खाली बसली. तिने डोळ्याला पदर लावला नाही. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते मिळायला नको होतं, असं मला वाटलं. ज्या माणसाचं मघापासून सगळे कौतुक करत होते, त्याच्याकडे आता कोणी बघत नव्हतं.

अंबाजी उठला. तो रागावलेला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो सुभेदारांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या तोंडाकडे नीट बघत राहिला. इतकी वर्षं ओळखलेल्या माणसाला पहिल्यांदा बघावं तसं.

"सुभेदार," तो म्हणाला, "तुमी असताव तं मी होरी ढकलली असती. मंग कायबी होवो."

एवढं बोलून तो बायकोला घेऊन शामियान्याबाहेर पडला. त्याला थांबवायचं धाडस अध्यक्षांनाही झालं नाही.

वृत्तलेखक मुलीची बोटं थांबली होती. तिने ताईंकडे बघितलं. "मॅडम, हे शेवटचं कोणाच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. नोंदीत घेऊ? आणि घेतलं तर कोणाच्या नावावर?"

"घ्या," मैत्रीताई म्हणाल्या. "अंबाजी तरे, वेळशेत. नाव पूर्ण लिहा."

तिने लिहिलं. मी जेवणाच्या गाड्यांना थांबायला सांगितलं.